आधी कॉक, मग पाना

डोळे मिटून घराच्या मागच्या बाजूला चालत जायचं आणि तिथल्या पाणी बंद करायच्या कॉकवर बरोबर हात ठेवायचा. एवढं जमलं तर रहिमतपुरातल्या आक्कांच्या घरात खोली भाड्यानं मिळायची. मला ती न जमताच मिळाली. मास्तर आहेत, शिकतील मागनं, असं म्हणून आक्कांनी मला सवलत दिली. आयुष्यात मिळालेल्या सगळ्या सवलतींत ही सर्वांत महाग पडली, आणि पडली ती आक्कांना. म्हणून आज हे लिहायला बसलो आहे.

मी मूळचा फलटणकडचा, कालव्याच्या पाण्यावर वाढलेला. पाणी म्हणजे पाटानं येतं आणि उसात जातं, यापलीकडं त्याचा विचार करायची वेळ आमच्या घरात कुणावर आली नव्हती. नुकताच बी.एस्सी. होऊन रहिमतपूरच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागलो होतो. पाण्याचा दाब, पाण्याची पातळी, सगळं फळ्यावर सुरेख काढून दाखवायचो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणजे काय, ते तेव्हाच्या मला पाहून कुणालाही कळलं असतं.

आक्का पन्नाशीच्या. त्यांचे यजमान फौजेत होते, पण बंदूक चालवणारे नव्हेत. छावण्यांतून पाण्याचे नळ टाकायचं त्यांचं काम. नवऱ्याबरोबर आक्का कुठकुठल्या छावण्यांत राहिल्या आणि त्याच्या हाताखाली हे सगळं शिकल्या. नवरा फिरवायचा तो पाना वेगळा आणि मागचा सांधा पिळू नये म्हणून आधार द्यायचा तो पाना वेगळा. हा दुसरा पाना वीस वर्षं आक्कांनी धरला. यजमान वारल्यावर त्यांनी गावी येऊन चार खोल्यांचं सिमेंटचं घर बांधलं, आणि त्याचे नळ स्वतः जोडले. गावात त्यांना सगळे नळाच्या आक्का म्हणत. त्यांचं खरं नाव मी दीड वर्षात कधी विचारलं नाही, हेही आता खटकतं.

त्या घराचे सगळे पाईप भिंतीच्या बाहेरून होते. बघणाऱ्याला घराची आतडी बाहेर काढल्यासारखं वाटायचं. गवंड्यानं पाईप भिंतीत गाडू म्हटलं तर आक्कांनी त्याला बजावलं होतं, की जे दिसत नाही ते दुरुस्त होत नाही. आणि सणासुदीला दाराला तोरण बांधलं, की आक्का घराच्या सगळ्या कॉकनाही झेंडूची एकेक माळ घालायच्या.

नवीन भाडेकरू आला की आक्का त्याला फेरी मारून आणायच्या. फाटकाजवळच्या पालिकेच्या जोडणीपासून सुरुवात करून परसातल्या गटारापाशी ती फेरी संपायची. वाटेत तीन प्रश्न असायचे. पाणी येतं कुठनं, थांबतं कुठं आणि जातं कुठं? या तिन्हींची उत्तरं न अडखळता आली की मग डोळे मिटून चालण्याची परीक्षा. आक्कांचं म्हणणं, की नळ फुटतो तेव्हा माणसाचे डोळे उघडे असूनही त्याला काही दिसत नाही, म्हणून वाट पायांना माहीत पाहिजे. माझ्या आधी आलेला एक कारकून डोळे मिटून चालताना कोंबड्यांच्या खुराड्यात पडला आणि सामान घेऊन तसाच परत गेला. शेजारचा कल्हईवाला चाचा भाडेकरू नव्हता, तरी हौसेनं परीक्षा देऊन पास झाला होता. तो ते अभिमानानं सांगायचा.

मला फेरी मारून आणली तेव्हा मी आक्कांचं ऐकून घेण्याऐवजी त्यांनाच शिकवायला लागलो. बंद भांड्यातल्या पाण्यावर दाब दिला तर तो सगळीकडं सारखा कसा पसरतो, ते हातवारे करून सांगितलं. आक्कांनी कमरेवर हात ठेवून सगळं मन लावून ऐकलं. मधे एकदा मानही डोलावली.

"लय चांगलं सांगितलं मास्तर," त्या म्हणाल्या. "आता टाकीचा कॉक कुठं हाय ते दावा."

मी हसून विषय बदलला. नळाची कामं ज्याची त्यानं करावीत, शाळामास्तरानं कशाला, असं माझं मत. चौथी शिकलेल्या बाईकडून मी काय शिकणार, हे त्या मताच्या आतलं खरं मत. ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नसतं.

तरी बसल्या बसल्या पुष्कळ दिसायचं. लोक आपापल्या गळक्या तोट्या पिशवीत घालून आक्कांकडं यायचे. आक्का ओसरीवर फौजी हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी उघडून बसायच्या. आलेल्या माणसाच्या हातात आधी पाइपाचा एक निकामी तुकडा द्यायच्या आणि त्याच्या आट्यांवर सूत गुंडाळायला लावायच्या. नळाचा सांधा गळू नये म्हणून आट्यांवर सूत गुंडाळून त्याला सफेदा लावतात. ते सूत आटे ज्या अंगानं चढतात त्याच अंगानं गुंडाळायचं. उलट गुंडाळलं तर तोटी फिरवताना ते आत जाण्याऐवजी सुटून बाहेर येतं. साधी गोष्ट, पण दहातले आठ जण उलट गुंडाळायचे. आक्का रागवायच्या नाहीत. सूत उलगडून पुन्हा हातात द्यायच्या. आधी कॉक, मग पाना, हे त्या दर माणसाला सांगायच्या, लहान पोरांना आधी हात धुवा मग जेवा सांगावं तसं.

काम झालं की सांध्याखाली वर्तमानपत्राचा एक कोरडा तुकडा ठेवायच्या आणि चहा टाकायच्या. चहा पिऊन होईपर्यंत कागद कोरडा राहिला तर काम खरं. एक ठिपका जरी पडला तरी सगळं उकलून पहिल्यापासून. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, आक्का, चहाला निमित्त बरं शोधलंय. त्यावर त्या म्हणाल्या, की घाईत उठलेल्या माणसाला ठिपका दिसत नाही, म्हणून चहा.

माझ्या खोलीतल्या नळाबद्दल मात्र त्या वेगळ्या बोलायच्या. यजमान गेल्यावर, मागचा पाना धरायला कुणी नसताना, दोन्ही पाने दोन हातांत धरून त्यांनी केलेला तो पहिला सांधा. तो चार वर्षांत एकदाही पाझरला नव्हता. खोली झाडायच्या निमित्तानं त्या आत आल्या की त्या सांध्याखालून अंगठा फिरवून जायच्या.

त्यांची एकुलती एक लेक जतकडं दिली होती. जतकडचा पाण्याचा दुष्काळ सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा नळाच्या आक्कांनी लेक तिकडं कशी दिली, याचं गावाला नवल. मीही विचारलं होतं. आक्का मुलगा बघायला गेल्या तेव्हा त्यांनी घर पाहिलं नाही, आधी पाण्याचं विचारलं. मुलाकडची माणसं सारवासारव करायला लागली, तेवढ्यात मुलगाच मधे बोलला. उन्हाळ्यात आमच्याकडं पाणी नसतं, टँकर आला तर आला, नाहीतर दोन कोसांवरनं आणावं लागतं, असं त्यानं सरळ सांगितलं. आक्कांनी तिथल्या तिथं सुपारी फोडली.

"पाण्याबद्दल जो खोटं बोलत न्हाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "तो बाकी कशाबद्दल बोलंल?"

हे वाक्य मी तेव्हा गोड मानून घेतलं. पुढं कित्येक वर्षं ते मला वर्गात शिकवतानासुद्धा मधेच आठवायचं आणि खडू हातात तसाच राहायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पालिकेचं पाणी तीन दिवसांआड करंगळीएवढ्या धारेनं यायचं. लेकीचे दिवस भरत आले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. आक्कांनी न्हाणीच्या छपरावरची सिमेंटची टाकी तिच्यासाठी राखून ठेवली. आलेल्या पाण्यातून आपल्याला पिण्यापुरतं ठेवून उरलेलं त्या कळशी कळशीनं शिडीवरून वर नेऊन ओतायच्या. तीन आठवडे लागले. टाकी भरली त्या दिवशी त्यांनी झाकणावर धोंडा ठेवला आणि चाचाला वर चढवून बघायला लावलं.

त्याच सुमाराला माझ्या खोलीतला नळ ठिबकायला लागला. त्या नळाला पालिकेचंही पाणी यायचं आणि टाकीचंही. म्हणजे ठिबकत होतं ते लेकीचं पाणी. आक्का लेकीला आणायला जतला निघाल्या होत्या, एस.टी.ची वेळ झाली होती. त्यांनी येऊन पाहिलं. तोटीतला चकतीचा वायसर गेलाय, खाली भांडं लावा, भरलं की माठात ओता, मी परवा आले की करते, असं सांगितलं. आणि दारातून मागं वळून म्हणाल्या, "मास्तर, हात लावू नका बरं."

मी हात लावला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. भांड्यात पडणारा प्रत्येक थेंब ऐकू येत होता. माझा हेतू वाईट नव्हता, हे मी इतक्या वेळा स्वतःशी म्हटलं आहे, की आता त्याचा काही अर्थ उरलेला नाही. पाणी वाचेल, आक्का आल्यावर थक्क होतील, मास्तरांनाही जमतं म्हणतील, असं वाटलं. ओसरीवरची पेटी उघडीच असायची. मी एक पाना घेतला. फाटकाजवळचा कॉक बंद केला, कारण तो मोठा दिसत होता. तो पालिकेच्या पाण्याचा होता आणि त्या दिवशी पालिकेचं पाणी नव्हतंच.

वायसर बदलायला तोटीचं फक्त वरचं डोकं उघडायचं असतं. मला ते माहीत नव्हतं, मी सबंध तोटीच फिरवायला लागलो. मागचा सांधा दुसऱ्या पान्यानं धरायचा असतो, मी धरला नाही. तोटीबरोबर भिंतीपाशी आक्कांनी केलेला सांधाही पिळला गेला आणि करकरला. मग तोटी एकदम हातात आली, आणि पाण्याचा लोट माझ्या छातीवर.

मी तोटी परत दाबून धरली. पाणी बाजूंनी उडत होतं. एका हातानं सूत गुंडाळलं, फिरवलं, सगळं सुटून माझ्या बोटांना चिकटलं. तोटी टाकून परसात धावलो. टाकीचा कॉक कुठं असेल? मी न्हाणीमागं पाहिलं, चुलीमागं पाहिलं, खुराडा हलवला. पाइपाच्या मागोमाग बोट धरून जायला हवं होतं, तेवढंही सुचलं नाही. भिंतीपलीकडं चाचा भांड्यांना कल्हई करत होता. मला त्याचा भाता ऐकू येत होता. एक हाक मारली असती तर त्यानं भिंतीवरून उडी टाकून कॉक बंद केला असता. मी हाक मारली नाही. शास्त्राच्या मास्तरानं नळासाठी ओरडायचं, याची लाज वाटली. त्या लाजेत टाकी रिकामी झाली. परसातल्या कोरड्या गटारातून ते पाणी गेलं, आणि कोंबड्या मजेत काठाला प्यायला बसल्या.

पाणी संपल्यावर तोटी बसवणं सोपं झालं. पाना पुसून पेटीत ठेवला.

आक्का सोमवारी संध्याकाळी आल्या. लेक थकली होती, पाय सुजले होते. तिच्या आंघोळीसाठी आक्कांनी न्हाणीतला नळ सोडला. तो नुसताच सुस्कारला. आक्का माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काही विचारायच्या आत मी बोललो. मी म्हणालो, काल खानावळीत जेवायला गेलो होतो, परत आलो तर सांधा सुटून तोटी खाली पडलेली, पाणी सगळं गेलेलं. मी जमेल तशी परत बसवली.

आक्कांनी तोटी काढली. माझं उलट गुंडाळलेलं सूत उलगडून खाली टाकलं. मग मागच्या सांध्यावर अंगठा ठेवला. सांधा पिळून सैल झालेला होता. त्यांनी अंगठा नेहमीसारखा त्याच्या खालून फिरवला.

"माझाच हात चुकला म्हणायचा," त्या म्हणाल्या.

मी खाली पडलेलं सूत गोळा करायला लागलो.

बाळंतपण नीट पार पडलं. चाचाच्या बायकोनं पहिली घागर आणली, मग आळीतल्या घराघरातून एकेक आली. मुलगी झाली. गावानं टाकीचं पाणी भरून दिलं. पण आक्कांनी तो सांधा चाचाकडून करून घेतला, आणि पेटी ओसरीवरून आत गेली. तोट्यांच्या पिशव्या घेऊन माणसं यायची, त्यांना आक्का साताऱ्याच्या फिटरचा पत्ता द्यायच्या. पुढच्या महिन्यात पलीकडच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलं. त्यांना आक्कांनी नुसती किल्ली दिली, फेरी मारून आणली नाही. मी खिडकीतून बघत होतो. बाहेर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. आज बोलू, उद्या बोलू करता करता मला सांगलीच्या शाळेत नोकरी मिळाली आणि मी गाव सोडलं. निघताना आक्कांनी दही हातावर घातलं.

सांगलीत मी नळाचं काम शिकलो. एका म्हाताऱ्या फिटरच्या मागं सुट्टीच्या दिवशी हिंडलो, निकामी पाइपावर महिनाभर सूत गुंडाळलं. सहकाऱ्यांचे नळ दुरुस्त करून द्यायला लागलो. सांध्याखाली कागद ठेवून चहा मागायचो. लोकांना गंमत वाटायची. हे कुणाकडून शिकलात असं कुणी विचारलं की मी आक्कांची गोष्ट सांगायचो, पण ती लेकीच्या सुपारीपाशी थांबवायचो.

सहा वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी कोरेगावला गेलो होतो, तिथून रहिमतपूरला उतरलो. आक्का ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, वातानं दोन्ही हातांची बोटं आखडलेली. मला ओळखून त्यांना इतका आनंद झाला, की मला मान वर करवेना. समोर अंगणातल्या नळावर एक पोक्त फिटर काम करत होता. नवीन तोटीवर तो सूत गुंडाळत होता, उलट.

मी आक्कांकडं पाहिलं. त्यांनाही ते दिसत होतं. मांडीवरचा त्यांचा अंगठा आपोआप बरोबर अंगानं फिरत होता. पण त्या फिटरला काही बोलल्या नाहीत. माझ्याकडं वाकून हळूच म्हणाल्या, "मास्तर, ते उलटं तर न्हाई? का मलाच आता उलटं दिसतंय?"

ज्या बाईनं अर्ध्या गावाला सूत गुंडाळायला शिकवलं, ती मला हे विचारत होती. मला राहवलं नाही. उलटंच आहे, आक्का, असं म्हणालो, आणि मग त्या रविवारचं सगळं बोलून टाकलं. फिटरचा हात थांबला. आक्का मधे रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. पेपर तपासावा तसं त्यांनी एकेक विचारलं.

"मागनं दुसरा पाना धरला न्हाई?"

"नाही."

"कंचा कॉक बंद केला हुता?"

"फाटकाजवळचा."

"आन् टाकीचा?"

"कुठं होता ते माहीत नव्हतं, आक्का."

त्यांनी मान हलवली. "म्हंजे माझा सांधा धरून हुता."

"होय."

मग त्या बोलायला लागल्या, पण माझ्याशी नव्हे, स्वतःशीच म्हटल्यासारखं. मशिदीत नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या नळांसाठी चाचानं तीनदा निरोप धाडला होता, तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. तिथं सांधा सुटला तर नमाजाला आलेली माणसं काय म्हणतील, असं वाटलं. दवाखान्याच्या नळासाठी नर्सबाई आली, तिला नाही म्हणाले. लेकीच्या दारात शेवटी नळ आला, तो तरी तू येऊन जोड म्हणून ती रडली, तिलाही नाही म्हणाले. असं एकेक त्या आठवत गेल्या, आणि मी उभा राहून ऐकलं. नंतर त्यांनी फिटरकडं हात पुढं केला. त्यानं पाना दिला. आक्कांची बोटं त्याच्यावर मिटेनात. दोनदा प्रयत्न केला, मग पाना मांडीवर ठेवला.

"तवा चांगला हुता हात," त्या म्हणाल्या. "तुमी करा आता."

मी सूत उलगडून पुन्हा गुंडाळलं, सफेदा लावला, दुसऱ्या पान्यानं मागचा सांधा धरून तोटी बसवली. खाली कागद ठेवला. आक्कांशी सुनेसारखं वागणाऱ्या शेजारणीनं चहा आणून दिला. चहा संपला तेव्हा कागद कोरडा होता. मी तो उचलून दाखवला, पण आक्का भिंतीपलीकडं बघत होत्या.

"चाचाला सांगून या," त्या म्हणाल्या. "म्हणावं, आक्काचा सांधा सुटला नव्हता."

मी गेलो. चाचा पातेल्यावर कथील फिरवत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं पातेलं खाली ठेवलं नाही.

"ते आमाला तवाच ठाऊक हुतं," तो म्हणाला. "सांधा मी केला न्हाई का पुन्हा? पिळल्याला हुता तो. शंभरदा सांगितलं तिला, तुझा हात चुकल्याला न्हाई. पर ऐकंल तर ना. म्हणायची, मास्तर पाण्याबद्दल खोटं कशाला बोलंल?"